दोन पावसाळे काढलेले पॅनेल: मिरजोळ्यातील एका कार्यशाळेच्या कामाविषयी अभिप्राय

मिरकरवाडा बंदरातील नौकांना बर्फ पुरवणाऱ्या आमच्या कारखान्याचे मोटर नियंत्रण पॅनेल (मोटरी चालू-बंद करणारी आणि त्यांचे रक्षण करणारी विजेची पेटी) बदलून आता दोन पावसाळे झाले. नवे पॅनेल रत्नागिरीच्या मिरजोळे औद्योगिक वसाहतीतील एका लहान कार्यशाळेने बांधून दिले. पॅनेल नवे असताना लिहिलेल्या अभिप्रायाला कोकणात फारसा अर्थ नसतो; खारा वारा आणि आषाढातली ओल यांनीच पत्र्याचा, लगचा (तारेच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या जोडाचा) आणि कॉइलचा (स्विच ओढणाऱ्या विद्युतचुंबकाच्या वेटोळ्याचा) कस लागतो, म्हणून मुद्दाम थांबून हे लिहीत आहे.

आमच्याकडे ३० एचपीचा अमोनिया कॉम्प्रेसर, ५ एचपीचे दोन पंप, मिठाच्या पाण्याच्या टाकीतील पाणी ढवळणारा अ‍ॅजिटेटर, बर्फाचे डबे उचलणारा २ एचपीचा होइस्ट आणि लाद्या फोडणारा क्रशर एवढ्या मोटरी आहेत. तीन ठिकाणी दरपत्रके मागितली. दोघांनी मोटरींचे एचपी तेवढे विचारले आणि त्याच दिवशी आकडा कळवला. या कार्यशाळेचे मालक मात्र एक पूर्ण पाळी कारखान्यात उभे राहिले. कोणती मोटर तासाला किती वेळा सुरू होते, होइस्ट चालवणारा बटण कसे दाबतो, संध्याकाळी व्होल्टेज कितीपर्यंत उतरते, हे त्यांनी वहीत टिपून घेतले. पुढे जे चांगले झाले त्याचे मूळ त्या वहीत आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

होइस्टचे उदाहरण घ्या. २ एचपीची मोटर पूर्ण भाराला साधारण साडेतीन अँपिअर घेते, त्यामुळे जुन्या पॅनेलमध्ये तिला ९ अँपिअरचा कॉन्टॅक्टर (मोटरचा प्रवाह जोडणारा-तोडणारा विद्युतचुंबकी स्विच) होता आणि कागदावर तो पुरेसा दिसत होता. तरीही दर काही महिन्यांनी त्याची टोके (प्रवाह जोडणारे धातूचे संपर्क) चिकटत आणि डबा वर जायचा थांबत नसे, जे खाली उभ्या असलेल्या माणसांच्या दृष्टीने भयंकर होते. कॉन्टॅक्टरवर छापलेले ते ९ अँपिअर एसी-३ या वर्गाचे असतात. म्हणजे मोटर सुरू होताना सहापट प्रवाह जोडायचा, पण तोडायचा तो मोटर वेगात आल्यानंतरचा साधा प्रवाह, असे त्यात गृहीत धरलेले असते. डब्यांची ओळ टाकीवर नेमकी बसवण्यासाठी होइस्टवाला बटण क्षणभर दाबून सोडतो, तेव्हा मोटर वेग घेण्यापूर्वीच तो सहापट प्रवाह तोडावा लागतो. हे काम एसी-४ वर्गाचे आहे आणि त्यात टोकांचे आयुष्य झपाट्याने घटते. नव्या पॅनेलमध्ये कंपनीच्या एसी-४ तक्त्यावरून मोठा कॉन्टॅक्टर निवडला आहे आणि वर-खाली हे दोन कॉन्टॅक्टर एकाच वेळी लागू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये विद्युत इंटरलॉकसोबत यांत्रिक इंटरलॉकही बसवला आहे. दोन हंगामांत तो एकदाही चिकटलेला नाही.

कॉम्प्रेसरच्या स्टार-डेल्टा स्टार्टरची (मोटर आधी स्टार जोडणीत कमी प्रवाहाने सुरू करून मग डेल्टा जोडणीत चालवणाऱ्या व्यवस्थेची) पाहणी करताना त्यांनी जी चूक दाखवली, ती मला आजही अस्वस्थ करते. ३० एचपीची मोटर सुमारे ४० अँपिअर घेते, म्हणून आधीच्या पॅनेलवाल्याने ओव्हरलोड रिलेही (प्रवाह मर्यादेपेक्षा जास्त वाहत राहिला तर मोटर बंद करणारे उपकरण) ४० वर लावला होता. पण तो रिले मुख्य लाइनवर नव्हता, मुख्य कॉन्टॅक्टरमधून वाइंडिंगकडे जाणाऱ्या तारांवर होता, आणि डेल्टामध्ये त्या तारांतून लाइनच्या ५८ टक्के, म्हणजे सुमारे २३ अँपिअरच वाहतात. लाइनवर ६९ अँपिअर होईपर्यंत त्या रिलेला काहीच जाणवले नसते. मोटर दोनदा रिवाइंड करून आणली आणि दोन्ही वेळा दोष वाइंडिंगवाल्याला दिला. तो अन्याय होता, हे आता कळते. नव्या पॅनेलमध्ये रिले २३ वर आहे, एक फेज गेल्यास तो लवकर ट्रिप होतो, आणि त्याच्या शेजारी हा आकडा का, हे मराठीत लिहिलेली पट्टी चिकटवली आहे.

आमची लाइन फीडरच्या, म्हणजे वीज वितरण वाहिनीच्या, टोकाला आहे. संध्याकाळी ४१५ चे ३४० व्होल्ट होतात, म्हणजे फेज आणि न्यूट्रल यांमध्ये १९६ उरतात. २४० व्होल्टची कॉइल ८५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे २०४ पर्यंतच नीट ओढेल अशी मानकाची हमी असते. त्याखाली कॉन्टॅक्टर थडथडू लागतो आणि टोके जळतात. त्यांनी १०० ते २५० व्होल्टवर चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक कॉइलचे कॉन्टॅक्टर घातले आणि थडथड बंद झाली. मात्र येथे त्यांच्याकडून एक गोष्ट राहून गेली होती. असा कॉन्टॅक्टर कमी व्होल्टेजला सुटत नाही, आणि भार तोच राहिल्याने मोटर अधिक प्रवाह घेत तापत राहते. पहिल्याच महिन्यात हे लक्षात आल्यावर त्यांनी व्होल्टेजवर नजर ठेवणारा रिले वेगळे पैसे न घेता बसवून दिला.

क्रशरला वेग घ्यायला आठेक सेकंद लागतात, म्हणून तेथे वर्ग १० ऐवजी उशिरा ट्रिप होणारा वर्ग २० चा ओव्हरलोड रिले दिला आहे. पंपांना एमपीसीबी (मोटरचे संरक्षण करणारा सर्किट ब्रेकर) आणि कॉन्टॅक्टर एकाच कंपनीचे, टाइप-२ समन्वयाच्या तक्त्यातून जोडीने घेतले आहेत. शॉर्टसर्किटनंतर टोके किंचित चिकटली तर सोडवून स्टार्टर पुन्हा वापरता येतो, ही त्या जोडीची हमी दोन वेगळ्या कंपन्यांचा माल एकत्र केल्यास उरत नाही. मासेमारीच्या ऐन हंगामात बर्फ थांबला तर नौका धक्क्यावर अडकतात, त्यामुळे हा जादा खर्च मला योग्य वाटला.

पॅनेल कॉम्प्रेसरच्या खोलीत ठेवण्यास त्यांनी ठाम नकार दिला. ओलसर अमोनिया तांबे आणि पितळ खातो, त्यामुळे वेगळी खोली बांधावी लागली. केबली खालून ग्लँडमधून (केबल घट्ट धरून फट बंद करणाऱ्या जोडातून) आत घेतल्या आणि लग कथिलाचा मुलामा दिलेले वापरले. आज दार उघडले तर लगवर हिरवटपणा दिसत नाही.

माझी खरी तक्रार हीटरविषयी आहे. पॅनेलमध्ये ओल धरू नये म्हणून दिलेला हीटर मुख्य स्विचनंतर जोडलेला होता. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात आम्ही कारखान्याचा मुख्य स्विच बंद ठेवतो, आणि नेमक्या त्याच दोन महिन्यांत हीटरही बंद राहिला. पहिल्या वर्षी ऑगस्टच्या सुरुवातीला दार उघडले तेव्हा दाराच्या आतून पाण्याचे थेंब ओघळत होते. मेगर (विद्युतरोधन तपासणारे यंत्र) लावून, पॅनेल दोन दिवस सुकवून मगच वीज चालू केली. किनाऱ्यावर काम करणाऱ्या माणसाला हे आधी सुचायला हवे होते. आता हीटरला स्वतंत्र एमसीबीवरून पुरवठा दिला आहे, त्याची टर्मिनल झाकली आहेत आणि मुख्य स्विच बंद असतानाही तेथे वीज असते, अशी लाल पाटी दारावर लावली आहे. दुसऱ्या पावसाळ्यानंतर आतला पत्रा कोरडा होता.

पॅनेलच्या जोडणीचे नकाशे उशिरा, म्हणजे पॅनेल बसवल्यानंतर तीन आठवड्यांनी मिळाले, आणि त्यांतील दोन फेरूल क्रमांक (तारांच्या टोकांवरच्या ओळख-नळ्यांचे आकडे) प्रत्यक्ष तारांशी जुळत नव्हते. आमच्या वायरमनने ते दुरुस्त करून घेतले. क्रशरच्या शेडसाठी दुसरे पॅनेल याच कार्यशाळेला सांगितले आहे. त्या मागणीपत्रात हीटरचा स्वतंत्र पुरवठा आणि पॅनेलसोबत तपासलेले नकाशे, या दोन अटी मी पहिल्याच ओळीत लिहिल्या आहेत.