सात महिने ट्रेसिंग पॅडवर: एक मांजर, २१२ कागद

ए-फोर आकाराचा एलईडी ट्रेसिंग पॅड (खालचं चित्र वरच्या कागदावर गिरवता यावं म्हणून आतून उजळणारी पाटी) घेतला तो अ‍ॅनिमेशनच्या एका खुळापायी. अमेरिकन व्यंगचित्रकार विन्सर मॅकेने १९१४ साली गर्टी नावाची अख्खी डायनासोर हाताने काढून पडद्यावर चालवली. आपल्याला निदान एक मांजर चालवता येतंय का, बघावं म्हटलं.

आजवर २१२ कागद झाले. फ्रेंच चित्रकार एमिल कोलने १९०८ च्या 'फँटासमागोरी' या चित्रपटात प्रत्येक चित्र कॅमेऱ्याने दोनदा टिपलं होतं, म्हणजे निम्म्या चित्रांत काम भागतं. ती युक्ती मी बिनदिक्कत उचलली, तरी सेकंदाला चोवीस फ्रेमच्या हिशेबाने अठरा सेकंद काही भरत नाहीत.

पॅडचा प्रकाश सगळीकडे सारखा पडतो, तासभरानेही तापत नाही. ७० जीएसएमच्या कागदातून खालची दोन चित्रं नीट दिसतात. प्रकाश मंद केला की मात्र मोबाइलच्या कॅमेऱ्यात काळे पट्टे सरकतात, म्हणून फोटो पॅड बंद करूनच काढते. चौथ्या महिन्यात केबल ढिली झाली. 'केबल वॉरंटीत येत नाही,' म्हणत दुकानदाराने हात झटकले.

खरा छळ कागद सरकण्याचा. मॅके पातळ राइस पेपरच्या कोपऱ्यांत फुल्या काढून त्या जुळवायचा. मीही काढल्या, पण केसभर चुकलं की मांजराला हुडहुडी! शेवटी सुताराकडून लाकडी पट्टीवर दोन खुंट्या बसवून घेतल्या, ऑफिसच्या पंचिंग मशीनच्या मापाने, ८० मिलिमीटर अंतरावर. (अ‍ॅनिमेटर राऊल बारेने न्यूयॉर्कमध्ये खुंट्यांची पद्धत शंभर वर्षांपूर्वीच रुळवली होती. मला सुचायला तीन महिने लागले.)

मागची खिडकी अजून थरथरते, कारण ती प्रत्येक कागदावर नव्याने गिरवावी लागते. गर्टीमागचे खडकही असेच थरथरतात. ते जॉन फिट्झसिमन्स या मॅकेच्या तरुण शेजाऱ्याने कागदागणिक गिरवले होते. अ‍ॅनिमेटर अर्ल हर्डच्या पारदर्शक सेल्युलॉइडने पुढे ही हमाली वाचवली: पात्र त्यावर काढायचं, मागचं चित्र खाली एकदाच. मी ओएचपी शीट (प्रोजेक्टरच्या पारदर्शक प्लास्टिक शीट) वापरून पाहिल्या, पण बोट लागलं की शाई पुसते.

आणखी एक. दिवा लागला की हात नुसता गिरवत सुटतो. माझी पहिली चाल त्यानेच मेली. मांजर पाय उचलायचं, पण अंगाला वजनच नव्हतं. मॅके आधी मुख्य पोझ काढून मग मधली चित्रं भरायचा. आता मीही तसंच करते: पॅड बंद, कागद बोटांत फडफडवून बघायचे, खांदा कुठे खाली जातो ते पाहायचं. दिवा फक्त रेषा पक्की करताना. म्हणजे तासातली दहा मिनिटं.

पाचपैकी साडेतीन तारे. केबल धड असती तर चार दिले असते. शेपटी अजून लाकडासारखी हलते, पण त्यात पॅडचा काही दोष नाही.