सायलेन्सरची खडखड आणि १४,८०० रुपयांचा चुना

जुनी छोटी गाडी असेल तर हे वाचाच. खालून खडखड यायला लागली होती, सिग्नलला एक बाईकवाला काचेवर टकटक करून म्हणाला "सायलेन्सर लटकतोय, पडेल रस्त्यात" आणि पुढचं गॅरेज दाखवलं. असं घाबरवून ठरलेल्या गॅरेजला पाठवायचं आणि लुटायचं, हा प्रकार तुम्हाला माहितीये, मलाही होता. पण सायलेन्सर खरंच लटकत होता ना! तो खोटं बोलला असता तर मी पुढे निघून गेलो असतो.

मागचं हँगर रबर, म्हणजे सायलेन्सर टांगून धरणारं रबर, चिरून तुटलं होतं आणि एक क्लॅम्प गंजून सैल झाला होता, काम एवढंच होतं. हे मला आता कळतंय. तिथे मिस्त्रीने गाडी वर घेतली, पाईपवर पान्याने ठोकलं, खणखण आवाज आला, म्हणाला "ऐका, आतून कॅट फुटलाय, मफलर पण सडलाय." कॅट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, धूर साफ करणारा डबा, आणि मफलर म्हणजे आवाज कमी करणारा सायलेन्सरचा डबा. तो आवाज हीट शिल्डचा होता हो, कॅटवरचा तो पातळ पत्रा! त्याचे बोल्ट गंजले की कोणीही ठोकलं तरी वाजतोच. आणि वरवरचा गंज तर प्रत्येक जुन्या सायलेन्सरवर असतो, सडलाय म्हणजे स्क्रूड्रायव्हर दाबला की आत जायला पाहिजे. दाबून दाखव म्हणा. कॅट जाम असेल तर गाडी ओढत नाही, रेस दिली तरी दमते. माझी व्यवस्थित ओढत होती.

बिल असं: रबर आणि क्लॅम्प १,२००, "नवा" मफलर ५,६००, कॅट केमिकलने साफ ४,५००, वेल्डिंग-मजुरी ३,५००. एकूण १४,८००. रोख, कारण "मशीन बंद आहे". बिल म्हणजे वहीतला कागद, ना शिक्का ना नंबर.

आता ती गोष्ट जी आठवली की अजून डोकं तापतं. कोपऱ्यात जुन्या सायलेन्सरचा ढीग उघड्यावर पडला होता, कुणी ढुंकून बघत नव्हतं. पण माझ्या गाडीतून काढलेलं काहीतरी पोऱ्याने गोणपाटात गुंडाळलं आणि आतल्या खोलीत नेऊन कुलूप लावलं. कचऱ्याला कुलूप कोण लावतं?? आणि जमिनीवर राखाडी-मातकट तुकडे सांडले होते, बारीक बारीक भोकं असलेली जाळी, मधाच्या पोळ्यासारखी. मी विचारलं पण, हे काय? "कार्बन आहे साहेब, साफ केला ना." कार्बन काळा असतो! राखाडी-मातकट नसतो! मी ते तुकडे बघितले, बोटाने उचलून बघितले, आणि मान हलवली. पण सांगा, किती जणांनी आपल्या गाडीचा कॅट आतून बघितलाय? त्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे महागडे धातू असतात, आणि सगळे चोर त्याच्याचसाठी टपलेले असतात. माझा तर मीच पैसे देऊन काढून दिला.

निघताना आवाज जरा जाड येत होता. "पिकअप वाढलं बघा." वाढणारच, आत काही उरलंच नव्हतं.

पीयूसीला गेलो तेव्हा रीडिंग भरमसाट जास्त, फेल. दुसऱ्या मिस्त्रीने खाली जाऊन बघितलं आणि हसायलाच लागला. कॅटचा डबा उभा कापून, आतली जाळी काढून, परत वेल्ड मारलेला. चेक इंजिनचा दिवा पेटू नये म्हणून मागच्या ऑक्सिजन सेन्सरखाली स्पेसर बसवलेला, म्हणजे सेन्सर धुरापासून लांब राहतो आणि बिचाऱ्याला सगळं ठीक वाटतं. केवढी अक्कल लावली बघा. आणि "नवा" मफलर माझाच जुना, सिल्व्हर रंग मारलेला, नखाने खरवडला तर खाली गंज. डब्यावर ताजी वेल्डिंगची शिवण दिसली की समजून जा, आणि गाडी ताब्यात घेण्याआधी टॉर्च मारून बघाच.

पोलीस चौकीत गेलो. "गाडी तुम्ही स्वतः दिलीत ना, मग चोरी कशी?" मी म्हटलं घड्याळ दुरुस्तीला दिलं आणि आतलं मशीन काढून घेतलं तर चोरी नाही का? "दिवाणी मामला आहे, ग्राहक तक्रार करा." वर विचारतात कॅटचा नंबर काय होता. अहो कॅटच गेला तर नंबर कुठून आणू! एकाने तर मलाच ऐकवलं की कॅट नसलेली गाडी रस्त्यावर आणणं हाच गुन्हा आहे, तुम्हालाच दंड लागेल. म्हणजे लुटला गेलो मी आणि आरोपी पण मीच. ग्राहक तक्रार ऑनलाइन केली तर पक्कं बिल मागितलं, पक्कं बिल देणारा माणूस असली कामं करेल का एवढं तरी कळायला नको? तो वहीतला कागद, फोटो, दुसऱ्या मिस्त्रीचं लेखी, सगळं अपलोड केलं, मग एक दिवस मेसेज आला की तक्रार निकाली काढली. ना फोन, ना कारण. गॅरेजवाल्याला साधी विचारणा तरी केली का, त्याचाही पत्ता नाही.

नवा कॅट १८,५०० ला बसवला. रबर आणि क्लॅम्प ४५०, कारण तेही त्याने बदललंच नव्हतं, तारेने बांधलं होतं! म्हणजे ३३,७५० गेले, ४५० च्या कामासाठी.

खडखड आली तर गाडी थंड होऊ द्या, मग सायलेन्सर हाताने हलवा, रबर तुटलंय का दिसतं. गरम असताना हात लावू नका, भाजेल. जुना पार्ट हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका, "स्क्रॅपला गेला" म्हणाला की तिथेच थांबा. काम करायला देण्याआधी खालचे फोटो काढून ठेवा, मी काढले असते तर त्या चौकीत तोंडावर मारता आले असते. आणि निकाली काढलेली तक्रार परत उघडून घेता आली असेल कुणाला तर कशी ते सांगा, मी ते १४,८०० सोडणार नाहीये.