'ल सामुराई' की 'घोस्ट डॉग'? अडलं ते पंख्यापाशी

सुपारी घेऊन माणसं मारणारा, तरी योद्ध्याचे नियम पाळणारा नायक आपल्या सिनेमा-गटाला दाखवायचा असेल, तर यादी शेवटी दोनच नावांवर येते: जाँ-पिएर मेलव्हिलचा 'ल सामुराई' (१९६७) आणि जिम जार्मुशचा 'घोस्ट डॉग: द वे ऑफ द सामुराई' (१९९९). दुसरा पहिल्याचं ऋण उघड मान्य करतो. पांढरे हातमोजे, चोरीच्या गाड्या, पक्ष्यांची सोबत, सगळं तिथूनच आलंय. त्यामुळे थोर कोणता, या वादात पडायला नको. ३०-४० जण, भाड्याचा प्रोजेक्टर आणि सांगलीतला एखादा साधा हॉल, एवढ्या भांडवलावर कोणता सिनेमा लोकांपर्यंत पोचतो, ते पाहायचं.

निकाल लावतो तो पंखा. 'ल सामुराई'मध्ये पहिली सुमारे १० मिनिटं कुणी बोलत नाही. अंधारी खोली, पलंगावर पडलेला नायक आलाँ दलाँ, बाहेर पाऊस आणि पिंजऱ्यातल्या छोट्या पक्ष्याची बारीक चिवचिव. ती चिवचिव म्हणजे सजावट नव्हे. पुढे खोलीत कुणीतरी येऊन गेल्याचा सुगावा नायकाला त्या पक्ष्याच्या तडफडीवरूनच लागतो. मार्च ते जूनमध्ये सांगलीत पंखे बंद ठेवता येत नाहीत, आणि छताचे चार पंखे घरघरत असले की सुरुवातीची चिवचिव मागच्या रांगांना ऐकूच जात नाही. मग पुढचा तो क्षण फुकट जातो. आवाज वाढवला तर पक्ष्याबरोबर पाऊसही वाढतो. त्यातून हे नाट्यपंढरीचं गाव. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' इथे उभं केलं, तेव्हापासून कान शब्दांची वाट पाहतात. इतका वेळ शब्द आला नाही की कुजबुज सुरू होते.

प्रकाशाचीही तीच गत. छायालेखक आंरी दकाए यांनी रंगीत सिनेमा जवळजवळ करड्या-निळ्या छटांवर आणून ठेवलाय. पहिल्या चौकटीत सिगारेटचा धूर दिसेपर्यंत पलंगावर माणूस आहे हे कळू नये, अशी ती रचना. दाराच्या फटीतून किंवा पातळ पडद्यातून उजेड आला की सगळं राखेसारखं दिसतं. प्रोजेक्टरची चमक वाढवल्याने काळा भाग आणखी पांढरट होतो, उपयोग काही नाही. खिडक्यांना जाड काळं कापड, तेही कडेने चिकटपट्टी लावून, हाच उपाय.

नियमांच्या बाबतीत मात्र दोन्हींत मोठा फरक आहे. सामुराईच्या एकाकीपणाबद्दलचं 'ल सामुराई'च्या सुरुवातीचं वाक्य 'बुशिदो'तलं, म्हणजे जपानी सामुराई योद्ध्यांच्या आचारसंहितेतलं, म्हणून दाखवलंय, पण ते मेलव्हिलने स्वतः रचलेलं. त्याचा नायक आपले नियम कधी सांगत नाही. ते आपण हॅटच्या कडेवर फिरणाऱ्या बोटांवरून ओळखायचे. 'घोस्ट डॉग'मधला त्याच नावाचा नायक (फॉरेस्ट व्हिटेकर) मात्र 'हागाकुरे' वाचून दाखवतो, आणि तो ग्रंथ खरा आहे. यामामोतो त्सुनेतोमो या सामुराईचं बोलणं १७१६ पर्यंत लिहून घेतलं गेलं. १७०० साली धनी वारला, त्याच्या पाठोपाठ मरायला बंदी होती, म्हणून हा माणूस संन्यासी झाला. हे दोन वाक्यांत आधी सांगितलं, तर आपला जीव वाचवणाऱ्या, माफियातल्या लुईची चाकरी घोस्ट डॉग का करतो, ते समजावावं लागत नाही. खाल्ल्या मिठाला जागणं आपल्याकडे कुणाला नवीन आहे? गच्चीवरची कबुतरांची ढाबळही परकी वाटत नाही.

अडचणी यातही आहेत. आइस्क्रीमवाला रेमंड फक्त फ्रेंच बोलतो, घोस्ट डॉग फक्त इंग्रजी. दोघांनाही एकमेकांची भाषा कळत नाही, तरी दोघं एकच गोष्ट बोलत असतात. प्रेक्षकाला दोन्ही बाजू कळल्या तरच त्यातली माया पोचते. काही प्रतींत फ्रेंच वाक्यांची सबटायटल्स वेगळ्या ट्रॅकवर असतात आणि ती आपोआप सुरू होत नाहीत. आदल्या दिवशी रेमंडचा पहिला प्रसंग चालवून बघावा. म्हाताऱ्या माफियांचं इंग्रजी घाईचं आहे, म्हणून इंग्रजी सबटायटल्स पूर्णवेळ ठेवलेली बरी. याबाबतीत 'ल सामुराई' सोपा: फ्रेंच असला तरी संवाद इतके कमी की सबटायटल्स वाचताना दमछाक होत नाही. 'घोस्ट डॉग'चा संगीतकार रिझा (RZA) याच्या संगीताला खालचे सूर लागतात. प्रोजेक्टरच्या अंगच्या स्पीकरवर ते पत्र्यासारखं वाजतं. वूफर असलेला स्पीकर भाड्याने घ्यावाच.

चहासाठी थांबायचं तर ११६ मिनिटांच्या 'घोस्ट डॉग'मध्ये ग्रंथातल्या उताऱ्यांच्या पाट्या येतात. तासाभरानंतरची एखादी पाटी वाचून संपली की दिवे लावावेत. १०५ मिनिटांच्या 'ल सामुराई'ला अशी बेतलेली फट नाही. फार तर पोलीस नायकाला सोडतात तिथे थांबता येईल.

ज्यांच्याकडे एसी आणि खरोखर काळोखा हॉल आहे, त्यांनी मेलव्हिलच निवडला तर माझी हरकत नाही. बाकीच्यांनी, मला वाटतं, आधी 'घोस्ट डॉग' लावावा. दोन्ही एकाच दिवशी मात्र नकोत. शेवटांचं नातं इतकं जवळचं आहे की दुसऱ्याचा शेवट आधीच कळेल. मधे काही महिने जाऊ द्यावेत आणि 'ल सामुराई' डिसेंबर-जानेवारीत रात्री साडेआठला लावावा, पंखे बंद ठेवून.