पावतीवर ‘एपॉक’ लिहिलंय की ‘स्तील’?

फ्रान्समध्ये जुन्या खुर्च्या घ्यायचा विचार असेल तर हे आधी वाचा. माझे ३,२०० युरो गेले. त्यातले निम्मे आईने नव्या घरासाठी दिलेले होते, म्हणून ते जास्त लागलं.

आम्ही नऊ वर्षं पॅरिसजवळ राहतो. ल्वार नदीकाठच्या एका गावात फिरायला गेलो असताना जुन्या सामानाच्या दुकानात हातांच्या दोन खुर्च्या दिसल्या. वळणदार पाय, पाठीवर कोरलेली छोटी फुलं, पंधराव्या लुईच्या काळात असत तशा. दुकानदार म्हातारा, बोलायला गोड. म्हणाला, “अठराव्या शतकातल्या आहेत, एका जुन्या घरातून आल्यात.” त्याने खुर्ची उलटी करून भुंग्याने पाडलेली भोकं दाखवली आणि माझं बोट धरून त्यावर फिरवलं. कारागिराचा शिक्का कुठेच नव्हता, म्हणून मी विचारलं. त्यावर तो म्हणाला की शिक्क्याची सक्ती पॅरिसच्या कारागिरांवर होती, बाहेरगावच्या नाही. हे खरं आहे, मी नंतर तपासलं. लाकूड बीच नावाच्या झाडाचं आहे, तेही खरं निघालं. एवढं सगळं खरं बोलणारा माणूस वयाबद्दल खोटं बोलेल, असं मनातही आलं नाही.

चार महिन्यांनी गाद्यांचं कापड बदलायचं ठरलं. पॅरिसच्या फोबूर सँतांत्वान भागात फर्निचरवाल्यांची जुनी वस्ती आहे, तिथल्या एका कारागिराकडे खुर्च्या नेल्या. त्याने जुनं कापड उसवलं, आतला सांगाडा पाहिला आणि मला जवळ बोलावलं. अडीचशे वर्षांत खुर्चीची गादी कितीतरी वेळा बदलली जाते आणि दर वेळी नवे बारीक खिळे ठोकले जातात. त्यामुळे चौकटीची कड भोकांनी चाळण झालेली असते. माझ्या खुर्च्यांवर भोकांची एकच ओळ होती. लाकूड वर्षानुवर्षं आडव्या अंगाने आकसतं, त्यामुळे सांध्यातल्या हाताने तासलेल्या खुंट्या जुन्या खुर्चीत किंचित वर आलेल्या लागतात. माझ्याकडच्या खुंट्या यंत्रावर केल्यासारख्या गोल आणि अगदी सपाट होत्या.

मग त्याने तीच भुंग्याची भोकं दाखवली. कीड लाकडाच्या आतून बोगदे करत जाते आणि बाहेर पडते तिथे फक्त गोल भोक दिसतं. माझ्या खुर्च्यांच्या कोरलेल्या फुलांवर मात्र ते बोगदे उभे चिरलेले, उघड्या पन्हळीसारखे दिसत होते. म्हणजे कीड आधी लागली आणि कोरीव काम नंतर झालं. जुन्या पलंगाचं किंवा कपाटाचं लाकूड घेऊन या खुर्च्या अलीकडे बनवल्या होत्या आणि ताज्या कापांवर अक्रोडाच्या सालीचा रंग चढवला होता.

पुण्यात वाडा पाडला की त्याच्या तुळयांचं सागवान विकलं जातं, त्याची टेबलं होतात. त्यात गैर काहीच नाही, कारण टेबल नवं आहे हे घेणाऱ्याला सांगितलेलं असतं. या खुर्च्यांचं कामही सुबक आहे. जुन्या लाकडाच्या नव्या खुर्च्या म्हणून मी त्या आनंदाने घेतल्या असत्या, पण त्या किमतीला नाही. कारागिराच्या अंदाजाने जोडीचे ५०० युरो पुष्कळ झाले असते.

घरी येऊन पावती काढली. तिच्यावर लिहिलं होतं: “पंधराव्या लुईच्या स्तीलच्या दोन खुर्च्या, बीच, जुनं लाकूड.” एकही शब्द खोटा नव्हता. फ्रान्समध्ये ३ मार्च १९८१ चा एक हुकूम आहे. विक्रेत्याने ‘एपॉक’ म्हणजे ‘त्या काळातलं’ असं लिहिलं किंवा शतक लिहिलं, तर वस्तू खरोखर त्या काळातली असल्याची ती हमी ठरते. ‘स्तील’ म्हणजे ‘त्या धाटणीचं’. त्या शब्दाने काळाची कसलीच हमी मिळत नाही. मला फ्रेंच येतं, रोजचं काम मी त्याच भाषेत करते, तरी हा फरक माहीत नव्हता. मी नोंदणीकृत पत्र पाठवलं. उत्तरात त्याने पावतीची प्रत पाठवली आणि ‘स्तील’ शब्दाखाली रेघ मारली. तोंडी बोलण्याला साक्षीदार फक्त माझा नवरा.

तज्ज्ञही फसतात हे खरं आहे. व्हर्सायच्या राजवाड्यानेसुद्धा अठराव्या शतकातल्या समजून बनावट खुर्च्या विकत घेतल्या होत्या. ते प्रकरण २०१६ मध्ये उघड झालं आणि जून २०२५ मध्ये पाँत्वाजच्या न्यायालयाने एका नामांकित जाणकाराला आणि एका कारागिराला दोषी ठरवलं. पण मला फसवायला एवढ्या कौशल्याची गरजच पडली नाही. दुकानात उभं राहून “पावतीवर एपॉक लिहा, शतक लिहा” एवढंच म्हणायचं होतं. तशी तपशीलवार पावती मागण्याचा हक्क ग्राहकाला त्याच हुकुमाने दिला आहे.

गेल्या महिन्यात एका मैत्रिणीला मुद्दाम त्या दुकानात पाठवलं. तशीच एक जोडी आता खिडकीत आहे. तिच्यावरच्या चिठ्ठीत फक्त ‘स्तील’ लिहिलंय. अठरावं शतक त्याने तिलाही तोंडीच सांगितलं.