लकडगंजात बनवून घेतलेलं लॅमिनेटेड धनुष्य, अन् हँडल कोणतं घ्यावं

नागपूरच्या लकडगंजात टिंबरच्या दुकानांमागे एक वर्कशॉप आहे, मूळ काम फर्निचरचं, पण तिथले भाऊ ऑर्डरवर लाकडी धनुष्यंही बनवून देतात. लॅमिनेटेड म्हणजे पाठीला (निशाणाकडच्या बाजूला) बांबूची पट्टी, मध्ये सागवान, पोटाला (आपल्याकडच्या बाजूला) धामणाचं लाकूड, सगळं एकावर एक चिकटवलेलं. मला टार्गेटवर मारायला ४० पाउंडाच्या आसपासचं, म्हणजे पूर्ण ओढायला तेवढा जोर लागणारं, पायजे होतं. ५ पैकी साडेचार स्टार देतो, अर्धा का कापला ते खाली सांगतो.

मला सगळ्यात आवडलं ते हे की त्यांनी पॉलिश, रंग, डिझाइन काहीच न दाखवता आधी विचारलं, हँडल कसं पायजे? हाच खरा प्रश्न आहे, कारण असं धनुष्य बरेचदा हँडलपाशीच दगा देतं. आधी मी एक ऑनलाइन मागवलं होतं, दिसायला एकदम झकास, पण एका उन्हाळ्यातच त्याचा हँडलचा ठोकळा उखडून हातात आला. लाकूड कुठंच तुटलं नव्हतं, फक्त जोड सुटला होता.

असं का होते ते भाऊंनी नीट समजावलं. तयार पट्ट्यांच्या पोटावर नुसता ठोकळा चिकटवला अन् त्याच्या खालच्या पट्ट्या पातळ असल्या, की ओढताना त्या ठोकळ्याखालीसुद्धा वाकायला पाहतात. ठोकळा वाकत नाही, पट्टी वाकते, मग सगळा ताण येतो ठोकळ्याच्या निमुळत्या टोकावर, ज्याला फेड म्हणतात, आणि तिथून जोड सोलत जातो. आधी बारीक टक् असा आवाज येतो, तो ऐकू आला की ओढणं तिथंच थांबवा. ग्लू बदलून हे सुटत नाही, तो भाग मुळातच ताठ पायजे. जाडी दुप्पट केली तर ताठपणा ८ पट होते, रुंदी दुप्पट केली तर फक्त दुप्पट, म्हणून चांगलं हँडल अरुंद पण खोल असते.

त्यांच्याकडे तीन प्रकार आहेत. पहिला ठोकळाच नाही, हँडलसकट अख्खं धनुष्य वाकते. उखडायला काही नाही, कमी लांबीतही जमते, पण बाण सोडल्यावर हाताला झटका जाणवतो आणि हँडल कोरता येत नसल्यामुळं बाणाला जास्त वळसा घालून जावं लागते, म्हणून बाण जरा लवचिक लागतात. दुसरा साधा चिकटवलेला ठोकळा, सगळ्यात स्वस्त, पण खालच्या पट्ट्या जाड असतील तरच घ्या. तिसरा मी घेतला, पॉवर लॅमवाला. यात पाठ आणि पोटाच्या मध्ये एक आखूड पट्टी घालतात, मधोमध जाड आणि दोन्ही टोकांना कागदासारखी बारीक होत गेलेली. माझ्या धनुष्यात हँडल ४ इंच, दोन्हीकडे २-२ इंच फेड आणि पॉवर लॅम १२ इंच, म्हणजे ती फेडच्याही पुढं जाते अन् वाकणं फेडच्या टोकाच्या पलीकडं सुरू होते. धनुष्याची लांबी ६६ इंच ठेवली, कारण मधला इतका भाग ताठ राहिला तर उरलेल्या लाकडाला पुरेशी जागा पायजे ना.

ठोकळा शिसमचा आहे. शिसम, सागवान तेलकट लाकडं, म्हणून चिकटवायच्या आधी त्यांनी घासून अॅसिटोननं पुसून घेतलं आणि लगेच इपॉक्सी लावलं. पांढरा फेविकॉल इथं नको असं स्पष्ट बोलले, सततच्या ताणाखाली आणि उन्हात तो हळूहळू सरकते, अन् आपल्याकडं नवतपात, मे अखेरच्या त्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, काय हालत असते ते सांगायला नको. इपॉक्सीसुद्धा तापलं की नरम पडते, त्यामुळं धनुष्य उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका.

डिलिव्हरीच्या वेळी त्यांनी भिंतीवरच्या स्टँडला लावून दोरी पुलीवरून हळूहळू ओढली, पूर्ण ओढल्यावर तशीच अडकवून ठेवली आणि बाजूला उभं राहून दाढीच्या ब्लेडची धार फेडच्या टोकाशी जोडात घालून पाहिली, दोन्हीकडून. शिरली नाही. मग म्हणाले, आता घेऊन जा. असं चेक करून देणारा माणूस मला तरी दुसरा भेटला नाही. तेव्हापासून मी भर मे महिन्यातही ते वापरलं, जोडाच्या रेषेत केसाएवढी फट नाही.

अर्धा स्टार कापला तो दोन गोष्टींसाठी. दिलेल्या तारखेला काम तयार नव्हतं, लग्नसराईत फर्निचरच्या ऑर्डरी आधी होतात. आणि पकड माझ्या हाताला जाड झाली होती, ती त्यांनी समोर बसून कानस मारून पैसे न घेता कमी करून दिली, पण हाताचं माप आधीच घेतलं असतं तर बरं झालं असतं.

ओजस देवतळे २०२३ मध्ये बर्लिनला वर्ल्ड चॅम्पियन झाला, आपल्या नागपूरचा पोरगा, त्याचा खेळ कंपाउंडचा, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या धनुष्याचा, पण त्याच्याकडं पाहून बरेच पोरं बाण मारायला लागले असतील. पोरांसाठी बनवून घेत असाल तर पाउंड कमी सांगा आणि पहिलाच प्रकार घ्या. मोठ्यांनी पॉवर लॅमच, थोडे जास्त पैसे लागतात पण द्या. जाताना आपले बाण सोबत न्या, बाण ठेवायची खाच ते बाण लावून पाहूनच कोरतात, अन् ओढ किती इंच येते ते आधी मोजून ठेवा.