पंचगंगेच्या पुराचा अंदाज: जुन्या नोंदी की हवामान प्रारूपे?

कोल्हापुरात पंचगंगेकाठी घर, शाळा किंवा रुग्णालय बांधायचे असेल, तर जोते किती उंच घ्यायचे हे आधी ठरवावे लागते. राजाराम बंधाऱ्यावरची धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या आणि २०२१ मध्ये ५६ फुटांच्या वर गेले.

पहिली पद्धत जुन्या नोंदींची. दरवर्षीच्या सर्वोच्च प्रवाहाच्या नोंदींवरून २५ वर्षांतून सरासरी एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा आखतात. लाल रेषेपर्यंत पाणी येण्याची शक्यता दरवर्षी १ टक्का, म्हणजे ३० वर्षांत सुमारे २६ टक्के. ‘शंभर वर्षांतून एकदा’ या शब्दांनी निर्धास्त झालेल्यांनी हा आकडा जरूर लक्षात घ्यावा. या पद्धतीचे मोठे बळ असे, की राधानगरी धरणाचा विसर्ग आणि नृसिंहवाडीजवळच्या संगमावर कृष्णेमुळे तुंबणारे पाणी, हे सारे मोजलेल्या पातळीत आपोआप आलेले असते. मात्र पुढचा पाऊस मागच्यासारखाच राहील, हे तिचे गृहीतक आता डळमळीत झाले आहे. ती १ टक्का शक्यता प्रत्यक्षात २ टक्के झाली, तर ३० वर्षांतला धोका ४५ टक्क्यांवर जातो.

हवामान प्रारूपे, म्हणजे हवामानाची संगणकावरची गणिती प्रतिरूपे, नेमके हेच गृहीतक सोडून देतात. तापमान १ अंशाने वाढले की हवा सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरू शकते, आणि मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात विस्तृत प्रदेशावरील अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या, त्यामुळे दिशेबद्दल फारसा वाद उरत नाही. अडचण आहे ती आकड्याची. जागतिक प्रारूपे पृथ्वीचे चौकोन पाडून गणित करतात आणि एकेक चौकोन साधारण १०० किलोमीटरचा असतो, तर गगनबावडा ते कोल्हापूर एवढ्या ५०-५५ किलोमीटरांतच पाऊस कित्येक पटींनी घटतो. शिवाय पावसावरून प्रवाह, प्रवाहावरून पातळी आणि मध्येच धरणांचे परिचालन, अशा प्रत्येक पायरीवर अनिश्चितता वाढत जाते. म्हणून एकाच प्रारूपाचा आकडा घेऊन जोते ठरवणे मला धोक्याचे वाटते; अनेक प्रारूपांच्या निष्कर्षांचा पल्ला पाहावा.

ब्रिटनमध्ये नोंदींवरून काढलेल्या पूरप्रवाहात नदीखोरे आणि कालखंड पाहून ठरावीक टक्के वाढ धरतात, आणि पुरात बांधकामाची हानी जितकी गंभीर ठरेल तितकी ती वाढ अधिक असते. पंचगंगेसाठीही हाच मार्ग मला योग्य वाटतो. साध्या घरासाठी २०२१ ची पूरखूण आणि तिच्यावर काही अंतर इतका आधार पुरेसा मानता येईल; रुग्णालय, वीज उपकेंद्र आणि पाणीउपसा केंद्र यांच्यासाठी मात्र प्रारूपांच्या पल्ल्याची वरची बाजूच धरावी. पूररेषेचा नकाशा हाती आला की तो कोणत्या वर्षापर्यंतच्या नोंदींवर बेतला आहे, त्यात २०१९ आणि २०२१ धरले आहेत का, आणि पात्रालगतच्या नव्या भरावानंतर नदीचे आडवे छेद (पात्राची रुंदी-खोली) पुन्हा मोजले आहेत का, हे लेखी विचारून घ्यावे.