बडोद्यात लायपोसक्शन (नळीने चरबी ओढून काढायचं ऑपरेशन) केलं, पोट आणि कंबर. जे झालं ते लिहितेय

आधी रेटिंग देऊन टाकते. सर्जनला पाचपैकी साडेचार, नर्सिंग स्टाफला पाच, बिलिंग काउंटरला दोन, आणि नंतर जो टाइट पट्टा घालायला देतात त्याला शून्य पण तो घालावाच लागतो. क्लिनिकचं नाव इथे टाकत नाही, अलकापुरी आणि ओल्ड पादरा रोडच्या भागात अशी बरीच आहेत, तुम्ही स्वतः दोन-तीन ठिकाणी जाऊन बघा.

आपल्याकडे पाऊस सुरू झाला की बायकांना नवरात्र दिसायला लागते, बॅकलेस चोळी, चणियाचा नाडा पोटावर कुठे येतो वगैरे. मग क्लिनिकवाल्यांच्या ऑफरी निघतात. मी ज्या पहिल्या ठिकाणी गेले तिथे डॉक्टर भेटलेच नाहीत, एक काउन्सेलर बेन होती, लॅपटॉपवर आधीचे-नंतरचे फोटो दाखवत होती आणि म्हणे आठ-दहा किलो आरामात जाईल, ईएमआय पण करून देतो, नवरात्रीआधी एकदम फिट. मला हात लावून पोट बघितलं पण नाही कोणी! तिथून चहा पिऊन निघाले.

दुसऱ्या ठिकाणी सर्जन स्वतः भेटले. आधी डिग्री बघितली, एमसीएच प्लास्टिक सर्जरी. तुम्ही पण बघा, बोर्डावर नुसतं कॉस्मेटॉलॉजिस्ट लिहिलेलं असेल तर विचारा की सर्जरी नक्की कोण करणार आणि भूल कोण देणार. यांनी मला उभं करून पोटाची कातडी चिमटीत धरून बघितली, खोकायला लावलं हर्निया आहे का बघायला, मग आडवं करून डोकं उचलायला सांगितलं. दोन बाळंतपणांनंतर माझे पोटाचे स्नायू मधून थोडे फाकलेत, तर ते स्पष्ट म्हणाले की कातडीखालची चरबी निघेल पण हा फुगवटा लायपोने जाणार नाही, त्याला टमी टक लागतं, म्हणजे जादाची कातडी कापून स्नायू शिवून घट्ट करणं, ती वेगळी आणि मोठी सर्जरी. आणि आतड्यांभोवतीची जी चरबी असते, पुरुषांचं जे घट्ट पुढे आलेलं पोट असतं ना, ती तर यात निघतच नाही. माझे अहो तिथेच बाजूला बसून स्वतःच्या पोटाकडे बघत होते.

म्हणजे हे वजन कमी करायचं ऑपरेशन नाही, आकार नीट करायचं आहे. वजन आटोक्यात आहे, व्यायाम चालू आहे, पण एकाच ठिकाणचं हलत नाही अशांसाठी ठीक. शुगर-बीपी सुधारेल म्हणून करणार असाल तर विसरा, 2004 मध्ये अमेरिकेत लठ्ठ बायकांवर अभ्यास झाला होता, पोटाची नऊ-दहा किलो चरबी काढूनही इन्सुलिन, बीपी, कोलेस्टेरॉल यात काही फरक पडला नव्हता.

तयारीत रक्ताच्या तपासण्या, ईसीजी, आणि कुठल्या गोळ्या चालू आहेत त्याची पूर्ण यादी. अ‍ॅस्पिरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी असेल तर आधी डॉक्टरांना सांगायची, काय बंद करायचं ते तेच ठरवणार, स्वतः डोकं चालवायचं नाही. आयुर्वेदिक काढे, ओमेगाच्या कॅप्सूल हे पण सांगायचं, आपण त्यांना औषध समजतच नाही. सिगारेट-तंबाखू असेल तर काही आठवडे आधीच सोडायला लावतात.

ऑपरेशनच्या दिवशी उभं करून मार्करने पोटावर आणि कमरेवर गोल-गोल रेघा काढतात, कारण आडवं झालं की चरबी पसरते आणि कुठे किती आहे कळत नाही. मग सलाइनमध्ये भुलीचं औषध (लिग्नोकेन) आणि अ‍ॅड्रिनलिन मिसळून ते पाणी चरबीत भरतात, त्याने जागा बधिर होते, रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त कमी जातं. ही पद्धत क्लाइन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने 1980 च्या दशकात काढली, त्याआधी यात रक्त बरंच जायचं. मला वरून गुंगीचं इंजेक्शन होतं आणि भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ शेजारी बसून. दुखलं नाही, पण आतून कोणीतरी ढकलतंय, खरवडतंय असं जाणवत राहतं, ते विचित्रच आहे. कट अगदी बारीक, काही मिलिमीटरचे, त्यातून नळी घालून मागे-पुढे करत चरबी ओढतात. नंतर बरणी दाखवली, वर पिवळी चरबी आणि खाली लालसर पाणी. किती काढलं हे विचाराल तेव्हा चरबी किती आणि पाणी किती हे वेगळं विचारा. आणि मिळून 5 लिटरच्या वर काढलं तर ती मोठी लायपो धरतात, त्यात रात्रभर हॉस्पिटलात देखरेखीखाली राहायला पाहिजे, कोणी संध्याकाळी घरी सोडतो म्हणालं तर उठून या.

आता खरं सांगायचं ते पुढे आहे. पहिल्या रात्री त्या भोकांतून गुलाबी पाणी गळत राहतं, चादर भिजते, अहो घाबरून गेले होते पण सिस्टरने आधीच सांगून ठेवलेलं की हे निघणं चांगलं, खाली प्लास्टिक आणि जुन्या चादरी टाका. दुसऱ्या दिवशी मी हौसेने काट्यावर उभी राहिले तर वजन वाढलेलं! सलाइन आणि सूज, दुसरं काही नाही. मग सूज आणि काळंनिळं खाली उतरत जातं, पार जांघेपर्यंत, आधी माहिती नसेल तर माणूस रडेल.

आणि पट्टा. मांडीपासून ब्राच्या खालपर्यंत, बाजूने हुकांच्या दोन रांगा आणि त्यावर चेन. घालायला दोघी लागतात, मी पलंगावर आडवी, जाऊबाई एका बाजूने ओढतायत आणि म्हणतायत श्वास सोड, श्वास सोड, शेवटच्या हुकाला त्यांचं नख तुटलं. सुरुवातीला दिवस-रात्र, अंघोळीपुरता काढायचा, आणि पहिल्यांदा काढाल तेव्हा एकटीने बाथरूममध्ये जाऊ नका, एकदम सैल झाल्यावर चक्कर येते, मला आलीच, स्टूल ठेवलेलं म्हणून वाचले. साधारण चार ते सहा आठवडे हे चालतं. म्हणून सांगते, बडोद्याच्या उन्हाळ्यात करू नका. माझं संक्रांतीनंतर झालं तर सुसह्य होतं, नणंदेने मे महिन्यात केलं होतं, एसीसमोरून हलली नाही, घामोळ्यांनी अंग भरलं.

चालायला मात्र त्याच संध्याकाळी लावतात, पायात गुठळी होऊ नये म्हणून. पोटरी एका बाजूची दुखली-सुजली, दम लागला, ताप चढला, किंवा पोट कडक होऊन दुखणं वाढत गेलं तर व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवत बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल. 2022 च्या मे महिन्यात बेंगळुरूत एक तरुण टीव्ही अभिनेत्री चरबी काढायच्या सर्जरीनंतर गेली, ती बातमी घरी सगळ्यांनी मला दहा वेळा ऐकवली, आणि बरंच केलं. म्हणूनच मी जिथे आयसीयू त्याच बिल्डिंगमध्ये आहे तिथेच करायचं ठरवलं.

रिझल्ट? पहिला महिना तर कपडे उलट जास्त टाइट. आत गाठी लागतात, मुंग्या येतात, बेंबीखालची कातडी बरेच महिने बधिर होती. तीन महिन्यांनी कंबर दिसायला लागली, खरा आकार सहा महिन्यांनी. म्हणजे नवरात्रीत मिरवायचं असेल तर दिवाळीनंतर ते होळीच्या आत उरकून घ्या, ऑगस्टमध्ये करून गरब्यात उड्या मारायचं स्वप्न बघू नका. डाव्या कुशीला थोडं खोलगट राहिलंय, हात फिरवला तर कळतं, डॉक्टरांचा अर्धा मार्क तिथे कापला. काढलेल्या पेशी परत येत नाहीत पण उरलेल्या फुगतात, त्यामुळे सेव उसळ जपूनच चाललीये.

बिलाचं. कोटेशन तोंडी घेऊ नका. मला सांगितलेल्या रकमेत भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर आणि पट्टा धरलेलाच नव्हता, वर 18 टक्के जीएसटी, कारण हौसेच्या कॉस्मेटिक सर्जरीला इलाजासारखी सूट नाही. मेडिक्लेम पण एक पैसा देत नाही. काउंटरवरच्या मुलाला विचारलं तर म्हणे बेन, ए तो बधामां अलग ज होय, म्हणजे ते सगळ्यांत वेगळंच असतं. पट्टे दोन घ्या, एक धुवायला, आणि दुसरा एक साइज लहान, कारण सूज उतरली की पहिला ढिला पडतो आणि मग त्याचा उपयोग नाही.